मदत हवी आहे: जितके विकले तितकेच घेतले जातात, मग शेअरचा भाव हलतो कशानं?

नमस्कार मंडळी. राहायला सांगलीत, मार्केट यार्डाजवळ. हळदीचे सौदे लहानपणापासून बघतोय. तिथलं गणित उघड असतं: माल एकाचा, बोली लावणारे चारजण, ज्याला माल हवाच तो वर चढतो. शेअरचं मात्र डोक्यात बसत नाही.

जो तो सांगतो, "घेणारे जास्त झाले की भाव वाढतो." अहो, पण मी 100 घेतले म्हणजे कुणीतरी 100 विकलेच ना? मग जास्त-कमी आलं कुठून?

विचारायचं कारण आमचे मामा. एका लहान कंपनीचे 4000 शेअर आहेत, मुलीच्या ॲडमिशनसाठी काढायचेत. काल ॲपवर खरेदीच्या बाजूला, म्हणजे कुठल्या भावाला किती शेअर घ्यायला लोक रांगेत आहेत तिथं, हे दिसत होतं:

112.40 ला 150
112.00 ला 300
111.50 ला 500
110.25 ला 800
109.00 ला 1200

खाली एकूण खरेदी 41,000, एकूण विक्री 9,000. म्हणजे घेणारे चौपटीच्या वर, तरी दुपारभर भाव उतरतच होता! मामा म्हणतात, "आपण विकायला गेलो की आपल्यामुळंच पडंल." खरं आहे का हे? जाणकारांनी उजेड पाडावा.

प्रतिसाद 1
मामांचा अंदाज बरोबर आहे. तुम्ही दिलेले आकडेच धरू. 4000 ची मार्केट ऑर्डर, म्हणजे भाव न ठरवता मिळेल त्या भावाला विका अशी ऑर्डर, टाकली तर आधी 112.40 वाले 150 संपतील, मग 112 वाले, असं करत पाचही ओळी रिकाम्या होतील. त्यात जातील 2950, सरासरी 110 रुपये 24 पैशांनी. उरलेले 1050 आणखी खाली, 109 च्या आत. स्क्रीनवर शेवटचा भाव तोच दिसणार. कंपनीत काडीचाही बदल नाही, पण त्या शेअरच्या प्रत्येक मालकाच्या ॲपवर पैसे कमी झालेले दिसतील. स्टेट बँकेसारख्या शेअरमध्ये हेच 4000 कुणाच्या लक्षातही येणार नाहीत, कारण तिथं प्रत्येक पायरीवर गिऱ्हाईक दाट असतं.

41,000 वर जाऊ नका. त्यातले कितीतरी 100, 95 ला गळ टाकून बसलेले असतात, आणि ऑर्डर कधीही मागे घेता येते. रांगेत उभा असलेला भाव हलवत नाही. ज्याला आत्ताच्या आत्ता सौदा करायचाय, तो समोरच्याच्या भावाला जातो आणि तिथं भाव सरकतो. काल दुपारी अशी घाई विकणाऱ्यांना होती, एवढंच.

प्रतिसाद 2
वरच्यात एक भर. भाव सरकायला मोठी विक्री लागतेच असं नाही. बातमी आली की घेणारे आपली बोली स्वतःच खाली आणतात, आणि मग थोडक्या सौद्यांतही भाव कोसळतो. 4 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी (50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) जवळपास 6 टक्के पडला. त्या दिवशीही विकलेल्या प्रत्येक शेअरला घेणारा होताच, फक्त कमी भावात. घेणारा उरलाच नाही तर सौदाच होत नाही. लोअर सर्किट लागलेल्या, म्हणजे त्या दिवशी ज्याच्या खाली भाव जाऊच देत नाहीत त्या मर्यादेला टेकलेल्या शेअरमध्ये लोक अडकतात ते असे.

मामांना सांगा, मार्केट ऑर्डर अजिबात नको. लिमिट लावा, म्हणजे या भावाच्या खाली विकू नका असं ऑर्डरीतच सांगा, आणि तुकड्यांनी सोडा. ॲपमध्ये डिस्क्लोज्ड क्वांटिटीचा (ऑर्डरीतले किती शेअर बाजाराला दाखवायचे त्याचा) रकाना असेल तर तोही वापरा. किमान 10 टक्के दाखवावे लागतात, बाकीचे झाकून राहतात.

धागाकर्ता
दोघांचेही आभार, मामांना वाचून दाखवलं. 112 ची लिमिट लावून 500-500 सोडायचं ठरलंय. फी भरायला अजून वेळ आहे, त्यामुळं घाई नाही. एक शंका: दिवसात संपले नाहीत तर ऑर्डर उद्या तशीच राहते का?

प्रतिसाद 1
नाही. साधी दिवसाची ऑर्डर बाजार बंद झाला की आपोआप रद्द होते, दुसऱ्या दिवशी परत टाकावी लागते. टाकण्याआधी त्या पाच ओळी पुन्हा बघा. उद्या 112 ला गिऱ्हाईक असेलच असं नाही.