मदत हवी आहे: इथेनॉल-पाण्यात लगदा किती फुगतो, आकडे जुळत नाहीत

गोदाकाठ: लाकडाचा लगदा पाणी-इथेनॉलच्या मिश्रणात किती फुगतो ते मोजतेय. भिजवते, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सुटा द्रव काढते, ओलं वजन, ओव्हन, कोरडं वजन. एकाच मिश्रणाचे आकडे दर वेळी वेगळे. सोमवारी सरांना आलेख दाखवायचाय. लवकर सांगा!

सातपूरकर: लगदा कुठला? ब्लीच केलेला? ओला की वाळलेली शीट? सेंट्रिफ्यूज किती जीला (जोर गुरुत्वाच्या किती पट)?

गोदाकाठ: क्राफ्ट (रसायनांत शिजवून काढलेला), ब्लीच केलेला. 3000 आरपीएम (मिनिटाला फेरे). शीट संपली की डब्यातला ओला घेते, लगदा तोच आहे.

सातपूरकर: तोच नाही हो ताई. एकदा वाळला की धाग्यातली बारीक छिद्रं मिटतात, पाण्यात टाकूनही सगळी उघडत नाहीत. याला हॉर्निफिकेशन म्हणतात. आणि आरपीएम नको, जी सांगा. रोटर बदलला की जोर बदलतो.

अंबड_केमिस्ट: आधी पाणी बघा. बोअरचं असेल तर त्यातलं कॅल्शियम धाग्यातल्या कार्बॉक्सिल (आम्लधर्मी) गटांना धरतं, सोडियमवाल्या लगद्यापेक्षा फुगवटा कमी येतो.

सातपूरकर: ब्लीच केलेल्यात ते गट असतात किती? दुय्यम मुद्दा.

अंबड_केमिस्ट: थोडे असले तरी असतात. आमच्याकडे डीआय (आयन काढलेल्या) पाण्याशिवाय मोजतच नाही.

मखमलाबादी: डीएमएसओ हा द्रावक वापरा. लाकूड पाण्यापेक्षाही जास्त फुगतं त्यात.

गोदाकाठ: मला इथेनॉलच हवंय.

जेलरोड: नाशिकरोडच्या प्रेसमध्ये विचारा, नोटांचा कागद त्यांच्याइतका कोणाला कळणार?

सातपूरकर: तिथे 1928 पासून नोटा छापतात. कागद होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम), म्हैसूरहून येतो आणि तो कापसाचा. इथे लाकडाचं चाललंय.

पंचवटी_लॅब: मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. शीट सरळ मिश्रणात टाकता, की आधी पाण्यात भिजवून मग इथेनॉल? इथेनॉल जास्त असेल तर कोरडा धागा जवळपास मिटलेलाच राहतो. पाण्यात फुगलेला धागा इथेनॉलमध्ये गेला तरी बराच उघडा राहतो. म्हणजे मिश्रण तेच, पण वाट वेगळी, आकडा वेगळा. शिवाय इथेनॉलची घनता 0.789 ग्रॅम प्रति मिली, पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे नुसत्या ग्रॅमवर तुलना करू नका, आकारमान काढा. तेही सरळ निघत नाही, कारण धागा मिश्रणातलं पाणी जास्त ओढतो. आतलं आणि बाहेरचं प्रमाण एक नसतं. ओलं वजन झाकण लावून घ्या, इथेनॉल उडतं.

गोदाकाठ: काही सरळ टाकले, काही आधी पाण्यात. आता सगळे ओल्यातूनच करते. पण आतलं प्रमाण मोजायचं कसं?