सरेतली जुनी घरं: वास्तुकला की नुसती नक्कल?

गिल्डफर्डकर: 'इंग्लंडच्या सरे परगण्यातलं व्हिक्टोरियन काळाच्या अखेरचं बांधकाम म्हणजे पैसेवाल्यांची नक्कल' हे कालचं लिखाण वाचून राहवलं नाही. एगमचं रॉयल हॉलोवे कॉलेज फ्रान्समधल्या शांबोरच्या राजवाड्यावरून घेतलंय, कबूल. पण शांबोर राजाच्या शिकारीसाठी होतं, हे कॉलेज १८८६ साली उघडलं ते मुलींच्या शिक्षणासाठी. वास्तुकार क्रॉसलंडने लाल विटांत दोन चौकांभोवती अख्खं कॉलेज बसवलं. आणि कॉम्प्टन गावचं वॉट्स चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह? कलाकार मेरी वॉट्स यांनी गावातल्याच लोकांना मातीकाम शिकवलं, ७० हून अधिक जणांनी त्या भाजलेल्या मातीच्या नक्षीला हात लावला. ही कुणाची नक्कल? मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा बराच वेळ बोलूच शकलो नाही.

विटकर: कालचं मीच लिहिलंय आणि त्यावर ठाम आहे. रेल्वे आली, लंडनच्या लोकांना शेतकऱ्याचं घर हवंसं झालं, शेती मात्र नको होती. म्हणून भिंतींवर कौलं, उंच धुराडी. वास्तुकार ल्युटेन्सचं मन्स्टेड वुड हे घर १८९६ चं, आव मात्र शतकानुशतकांचा!

मालवणी माणूस: कौलं टांगणं हा आव नव्हे हो! लाकडी सांगाड्याच्या भिंतीला पाऊस लागू नये म्हणून सरेत ती आधीपासून टांगतात. आमच्याकडे पावसाळ्याआधी भिंतीला माडाच्या पानांची झापं बांधतात, तीही शोभेसाठी का? आणि मूळ नमुना परका म्हणून मोडीत काढायचं, तर आपलं व्हीटीही काढा. तिथलं कोरीवकाम जे. जे.च्या विद्यार्थ्यांचं आहे.

गोडालमिंगची सून: तुमचं सौंदर्य राहू द्या, आम्ही अशाच, वारसा म्हणून संरक्षित घरात कुडकुडतोय. खिडकीची चौकट कुजली, दुहेरी काचेची परवानगी मागितली तर नकार. सासूबाई घरात कोट घालून बसतात.

गिल्डफर्डकर: मूळ काच तशीच ठेवून आतून दुसरं तावदान लावा, त्याला बहुधा हरकत घेत नाहीत. आधी फटी बुजवा.

गोडालमिंगची सून: मला शिकवू नका! ते दोन वर्षांपूर्वीच केलं. भिंतच ओली आहे.

मालवणी माणूस: विटांमधले सांधे सिमेंटने भरलेत का?

गोडालमिंगची सून: हो. आधीच्या मालकाने.

मालवणी माणूस: मग तिथेच दुखणं आहे. ती वीट चुन्यात बांधलेली. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. मग थंडीत पाणी गोठून विटेचा पापुद्रा सुटतो. माझ्या घरी तीन हिवाळे हेच भोगलं, खिडक्यांना शिव्या घालत.

विटकर: विषय वास्तुकलेचा होता.

गोडालमिंगची सून: राहणाऱ्याला भिंत हीच वास्तुकला! तुम्ही लांबून फोटो काढता, भांडी आम्ही लावतो पाण्याखाली.

विटकर: फोटो काढत नाही, दहा वर्षं याच घरांची छपरं दुरुस्त करतोय. चॅपलबद्दल माझं चुकलं, ते नक्कल नाही. कौलांचंही निम्मं मान्य. हॉलोवेबद्दल एक शब्द मागे घेणार नाही. आणि ताई, ते सिमेंट यंत्राने कापू देऊ नका, विटेची कड जाते. छिन्नीने, हाताने काढणारा शोधा.

गोडालमिंगची सून: कोपऱ्यातल्या विटा आधीच भुसभुशीत झाल्यात. त्या बदलायच्या की उलट्या फिरवून लावता येतात?