गृहकर्ज देणारी कंपनीच विकली गेली, आता माझं काय?

बदलापूरचा_दुकानदार: मंडळी, माझं किराणा दुकान आहे. इन्कम टॅक्स रिटर्न जेमतेम, म्हणून बँकांनी दारातूनच परत पाठवलं. शेवटी एका हाऊसिंग फायनान्स कंपनीकडून 16 लाख घेतले, फ्लोटिंग, म्हणजे व्याजदर वर-खाली होणारा. आता कळलं की तिची मालकी परदेशी गुंतवणूक फंडाकडे गेली. बायको विचारतेय, घराचे कागदही तिकडेच गेले का? आणि दर वाढवतील का?

माजी_क्रेडिटवाला: वहिनींना सांगा, कागद कुठेही जात नाहीत. फंडाने घेतले ते कंपनीचे शेअर. तुमचा करार कंपनीशीच, अटी त्याच.

असे फंड कायमचे राहायला येत नाहीत. आधार हाऊसिंग बघा, तीही अशीच गृहकर्ज कंपनी. वाधवान घराण्याकडून 2019 मध्ये ब्लॅकस्टोन या परदेशी गुंतवणूक कंपनीच्या फंडाने घेतली, मे 2024 मध्ये 3,000 कोटींचा आयपीओ, म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विकले. त्यातले 2,000 कोटी कंपनीत आलेच नाहीत, ती ब्लॅकस्टोनच्या शेअरची विक्री होती.

तुम्हाला मिळालेले 16 लाखही बहुतेक फंडाचे नाहीत. कंपनी बँकांकडून, रोख्यांतून, नॅशनल हाऊसिंग बँकेकडून उचलते आणि वर आपला नफा लावून पुढे देते. मात्र खाली भांडवल भक्कम असल्याशिवाय तिला कुणी उधार देत नाही, ते फंड घालतो. पगाराची स्लिप नसलेल्यांना कर्ज मिळतं ते यामुळेच, हे मान्य करायला हवं. पण फंडाला वाढ हवी असते, ती टार्गेट होऊन शाखेतल्या पोरांवर बसते, आणि पोरं मग गिऱ्हाइकाच्या गळ्यात विमा मारतात. (मीही त्यातलाच होतो.)

दराचं म्हणाल तर, बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना उधार देते तो दर) बाहेरच्या दराला बांधलेली आहेत. हाऊसिंग फायनान्सला ती सक्ती नाही, तिचा पीएलआर, म्हणजे ज्यावरून तुमचं व्याज ठरतं तो मूळ दर, ती स्वतः ठरवते. रेपो उतरला तरी तुमचा हप्ता जागचा हलेलच असं नाही. मालक कोण यापेक्षा हे बघा.

पनवेलची_सुमती: मग बॅलन्स ट्रान्सफर करावं का, म्हणजे कर्ज दुसरीकडे हलवावं का? दंड लागतो ना?

माजी_क्रेडिटवाला: ताई, स्वतःच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतीआधी फेडायचा दंड नाही. खर्च असतो नव्या ठिकाणी: प्रोसेसिंग फी, वकील, व्हॅल्युएशन, स्टॅम्प ड्युटी. आधी आहे तिथेच कन्व्हर्जन फी भरून दर किती उतरतो ते लेखी मागा. आणि कर्ज फिटलं की 30 दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई.

बदलापूरचा_दुकानदार: आभार दादा. उद्या शाखेत पीएलआरचंच विचारतो.