मदत हवी आहे: गोबरगॅसच्या फॉर्मवर ‘घरात टाकी (सिलिंडर) नाही’ असं लिहायला सांगतायत, आईनं सही करावी का?

भुदरगडकर:
नमस्कार मंडळी. गाव गारगोटीपासून थोडं आत. मी नोकरीला कोल्हापुरात, घरी आई-आण्णा, तीन म्हशी आणि एक रेडकू. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणून घाईघाईत लिहितोय.

गावात एक कंपनी पिशवीचा गोबरगॅस देतेय. नाव मुद्दाम देत नाही. दोन घनमीटरचा प्लांट, आपण पाच हजार भरायचे आणि खड्डा काढून द्यायचा, बाकी खर्च त्यांचा. बदल्यात कार्बन क्रेडिटचा हक्क दहा वर्षं कंपनीकडं. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचला असा दाखला. तो बाहेरची एखादी कंपनी विकत घेते आणि आपल्या धुराच्या हिशेबातनं वजा करते, एवढं मला कळलंय. इथपर्यंत तक्रार नाही. आईचे डोळे चुलीपुढं गेलेत, तिला गॅस हवाच आहे.

अडचण फॉर्मची आहे. ‘सध्या स्वयंपाक कशावर करता’ या रकान्यात ‘फक्त चूल’ लिहायचं, टाकीचं नाव काढायचं नाही. जळण रोज पंधरा किलो दाखवायचं. हे ऐकून आई म्हणाली, “पंधरा किलो? रोज मांडव हाय काय दारात?”

खरं असं आहे: चहा, दूध आणि पाव्हणे आले की टाकी. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. जळणात निम्मं उसाचं पाचट, थोड्या शेणी, उरलेलं बांधावरचं लाकूड.

आणखी एक पेच. गावात फॉर्म भरून घेणारे माझे थोरले दाजीच. चाळीस घरांचे फॉर्म त्यांनी भरलेत, आमचाच अडकलाय. करार सगळा इंग्रजीत. खोटं लिहिल्याचं उद्या आईवर येईल का? आणि तीन म्हशींवर हा प्लांट चालेल का?

म्हशीपुढं गीता:
दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण लोक नेमकं हेच विसरतात. आमच्याकडं दीनबंधू प्रकारचा, म्हणजे विटांच्या पक्क्या घुमटाचा, दोन घनमीटरचा प्लांट आहे. त्याला रोज साधारण 50 किलो ओलं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. गोठ्यात बांधलेली म्हैस 12 ते 15 किलो देते. तुमच्या तिघींचं जमेस धरलं तर चाळीसच्या घरात. त्यातल्या शेणी थापल्या तर संपलंच. तुम्हाला एक घनमीटरचा पुरेल, तोच मागा. थंडीत गॅस कमी पडतो हेही घरात आधीच सांगून ठेवा, नाहीतर जानेवारीत सगळे तुमच्या नावानं बोटं मोडतील. प्लांटातनं निघणारी स्लरी (शेणकाला) मात्र उसाला झकास.

नाद खुळा:
भावा, एवढा विचार कशाला? धूर जातोय आईच्या डोळ्यातला, पैसा जातोय परदेशी कंपनीचा. दे ठोकून पंधरा किलो. टाकी बघायला कोण स्वयंपाकघरात येतंय?

सर्व्हेवाला:
येतात. मी दोन वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात हेच फॉर्म भरायचं काम केलंय, म्हणून लिहितो. पडताळणीवाले सगळी घरं बघत नाहीत, नमुन्याला काही घरं काढतात. त्यात तुमचं निघालं की टाकी दिसते.

पण मुद्दा पकडले जाण्याचा नाही. क्रेडिट किती हे ‘प्लांट नसता तर किती जळण जळलं असतं’ यावर ठरतं. आधीचं जळण फुगवलं की न वाचलेला धूर वाचला म्हणून विकला जातो, आणि घेणारा तेवढाच धूर खुशाल सोडतो. पाचटाचंही तसंच. ऊस दरवर्षी पुन्हा उगवतो, त्यामुळं ते तोडलेल्या जंगलाच्या लाकडाच्या हिशेबात बसत नाही. सुधारित चुलींच्या प्रकल्पांवर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास 2024 मध्ये आला. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत क्रेडिटं खऱ्या बचतीच्या साधारण नऊ पट निघाली. ही फुगवटी अशाच रकान्यांतून सुरू होते.

नाद खुळा, प्रामाणिक आकड्यावरही हे चालतं. कर्नाटकात बागेपल्लीला शेतमजुरांच्या संघटनेनं 5,500 गोबरगॅस प्लांटांचा प्रकल्प हवामानाच्या क्योटो कराराखाली 2005 मध्ये नोंदवला. हिशेब दर प्लांटमागं वर्षाला साडेतीन टनांच्या आसपास होता.

भुदरगडकर, करारात दोन गोष्टी बघा. पिशवी फाटली तर दुरुस्ती कुणाची आणि किती दिवसांत? गोबरगॅसमधला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो, त्यामुळं गळका प्लांट म्हणजे उलटाच धंदा. दुसरं, प्लांट बंद पडला तर हक्क परत मिळतो का? एकाच घराची बचत दोन प्रकल्पांत मोजता येत नाही. मधेच अडकलात तर दुसऱ्या योजनेचं दारही बंद. कंपनीला नोंदणीचा क्रमांक विचारा. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या क्रेडिटं नोंदवणाऱ्या दोन्ही संस्थांच्या नोंदवह्या ऑनलाइन कुणालाही बघता येतात.

भुदरगडकर:
सगळ्यांचे आभार. काल रात्री दाजींना फोन केला. आधी चिडले. “तू एकटाच हरिश्चंद्राचा अवतार, चाळीस घरं काय येडी हायत?” मग म्हणाले, वरच्या साहेबांनी छापील नमुनाच दिलाय, मी फक्त उतरवतोय. नोंदणी क्रमांक त्यांनाही माहीत नाही. फॉर्ममागं त्यांना पैसे मिळतात, ते मी विचारलं नाही, बहिणीनं सांगितलं.

आईनं निकाल दिलाय: टाकी लिहायची, जळण सहा किलो लिहायचं, एक घनमीटर मागायचा. देत असतील तर द्या, नाहीतर चूल हाय. दाजी शनिवारी तसाच फॉर्म पुढं पाठवतो म्हणालेत, जरा तोंड वाकडं करून.

आता एकच मदत हवी. अशा कराराची मराठी प्रत कुणाकडं आहे का? कुठल्याही कंपनीची चालेल. दुरुस्तीचं कलम कसं लिहितात ते बघायचंय, म्हणजे उरलेल्या चाळीस घरांनाही दाखवता येईल. त्यांतली निम्मी आमच्याच भावकीतली आहेत.