मदत हवी आहे: सौरप्रकल्पासाठी हलवलेल्या कासवांचं पुढे काय झालं?

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात इव्हानपाह सौरप्रकल्प २०१४ मध्ये सुरू झाला. जागा सुमारे ३,५०० एकर, सगळी सार्वजनिक, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकेच्या संघीय जमीन खात्याच्या ताब्यातली. तिथल्या वाळवंटी कासवाला १९९० पासून संघीय कायद्याचं संरक्षण आहे. अंदाजापेक्षा खूप जास्त कासवं सापडल्यामुळे २०११ मध्ये कामाचा काही भाग थांबवावा लागला होता. नंतर ती पकडून दुसरीकडे सोडली.

ऊर्जा आणि संवर्धन यांचा सार्वजनिक जमिनीवर मेळ कसा घालावा, यावर मी लेख लिहिते आहे. कासवांपाशी येऊन अडले आहे. पर्यावरण परिणाम अहवाल आणि मंजुरीची कागदपत्रं वाचून झाली, पण त्यांत काय करणार हेच आहे, काय झालं ते नाही. बातम्या बांधकाम संपताच थांबतात. माझ्या मते खरी परीक्षा तिथूनच सुरू होते, कारण हे कासव प्रजननक्षम व्हायलाच साधारण बारा ते वीस वर्षं घेतं. एक-दोन वर्षं जगलं म्हणजे स्थलांतर यशस्वी, हे मला पटत नाही.

सौरऊर्जा हवी की नको, हा वाद इथे नको. मला ती हवीच आहे. इंग्रजी कागदपत्रं चालतील, पण विकत घ्यावे लागणारे शोधनिबंध परवडणार नाहीत.

हलवलेल्या कासवांनी नव्या जागी पिल्लं दिली का, याची किमान पाच वर्षांची निरीक्षणं कुठे खुली मिळतील?