सुंतेचा सल्ला देताना डॉक्टरला स्वतःचं शरीर आडवं येतं का?

मुलुंडची आई:
मुलगा चार वर्षांचा. शू करताना पुढची चामडी फुग्यासारखी फुगायची, मग धार यायची. पहिले सर्जन म्हणाले, "सुंता करून टाकू. माझीही लहानपणीच झालीय, काही बिघडत नाही." दुसऱ्यांनी तपासून सांगितलं, "या वयात चामडी मागे न सरकणं नैसर्गिक आहे. जबरदस्तीने ओढू नका. सहा आठवडे बीटामेथासोनचं मलम लावा." फरक पडला. पहिल्यांनी मलमाचं नावही काढलं नव्हतं! स्वतःच्या अंगाला जे आहे तेच डॉक्टरला बरोबर वाटतं, असं माझं ठाम मत झालंय. 2012 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळाच्या सुंतेचे फायदे धोक्यांहून जास्त असल्याचं म्हटलं. पुढच्याच वर्षी 38 तज्ज्ञांनी, बहुतेक युरोपातले, त्यात सांस्कृतिक पूर्वग्रह असल्याचा आक्षेप घेतला. अभ्यास तेच, निष्कर्ष उलटे. अमेरिकेत सुंता सर्रास होते, युरोपात क्वचित.

परळचा निवासी डॉक्टर:
ताई, हे अर्धंच झालं. त्या संघटनेने सगळ्या बाळांची सुंता करा असं म्हटलंच नव्हतं, निर्णय आईवडिलांवर सोडला होता. आणि आक्षेपाला उत्तरही दिलं होतं, की जिथे सुंता होत नाही तिथल्या डॉक्टरांचाही पूर्वग्रह असू शकतो. तो मी रोज ओपीडीत बघतो. पन्नाशीचे, मधुमेहाचे पेशंट येतात. चामडीला चिरा पडलेल्या, लघवीला आग, चामडी मागे जात नाही. सुंता सुचवली की "आमच्यात करत नाहीत" म्हणून उठून जातात, आणि सहा महिन्यांनी जास्त चिघळवून परत येतात. त्यांना नुसतं मलम देत राहणारे डॉक्टरही आहेत, त्यांना कोण विचारणार?

गिरगावकर:
मग बाई सर्जनचं काय? तिचा सल्ला आपोआप निःपक्ष? मला भीती वेगळीच आहे. उद्या लोक पाटीवरचं नाव वाचून डॉक्टरच्या शरीराचा अंदाज बांधतील आणि सल्ला झटकून टाकतील. आपल्या मुंबईत हे व्हायला वेळ लागत नाही.

मुलुंडची आई:
नाव मी बघितलंच नाही, त्यांनी आपणहून सांगितलं म्हणून कळलं. बाई सर्जनलाही घरातला नवरा, मुलगा डोळ्यांसमोर असतोच की. माझी तक्रार एवढीच आहे, 'माझीही झालीय' हे वैद्यकीय कारण नव्हे.

परळचा निवासी डॉक्टर:
हे शंभर टक्के मान्य. पण चामडीच्या टोकाला पांढरा, कडक व्रण दिसत असेल तर मलमावर महिनोन्‌महिने थांबू नका. तिथे बहुतेकदा सुंताच करावी लागते. तुमच्या पहिल्या सर्जननी असा व्रण दाखवला होता का?

मुलुंडची आई:
नाही. टॉर्च लावून नीट बघितलं ते दुसऱ्यांनीच.