मदत हवी आहे : सिटिझन्स बँडकडून हौशी रेडिओकडे

नमस्कार. मी अमेरिकेत ओहायोमध्ये राहतो आणि ४० चॅनेलांच्या सिटिझन्स बँडवर (सर्वसामान्यांसाठी खुला असलेला २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा) नियमित बोलतो, मात्र ए.एम.वरील ४ वॅटची मर्यादा आणि १९ क्रमांकावरील ट्रकचालकांचा गलका (तो मजेदार असतो, हेही खरे) यांमुळे आता हौशी रेडिओचा परवाना काढण्याचा विचार आहे. टेक्निशियन या पहिल्या पातळीच्या परवान्यावर १० मीटर पट्ट्यात २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झ एवढ्यातच बोलता येते. मग टेक्निशियनच्या परीक्षेच्याच दिवशी जनरल या पुढच्या पातळीचीही ३५ प्रश्नांची परीक्षा द्यावी, की आधी थोडा सराव करावा? तसेच छतावरचा २७ मेगाहर्ट्झचा पाव तरंगलांबीचा अँटेना किंचित कापून २८.४ वर जुळवल्यास तो समाधानकारक चालेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.